नंबर एकचा गुडघा

माळीबुवांना मी पहिल्यांदा "गरोदर आहात का?" असं विचारलं, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

हसू नका. फॉर्मच तसा होता. स्कॅनच्या यंत्रात माणूस घालण्याआधी सतरा प्रश्न मोठ्याने वाचायचे, समोरच्याने हो किंवा नाही म्हणायचं, मी खूण करायची आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. अंगात धातूचा तुकडा आहे का, बंद जागेची भीती वाटते का, गरोदर आहात का. बाई असो नाहीतर बाप्या, एकही प्रश्न गाळायचा नाही असा आमच्या मोठ्या साहेबांचा दंडक होता. मी तोंडाची फटकळ असले तरी कामात नियमाची पक्की. मी विचारलं, आणि या माणसाने क्षणभर विचार करून उत्तर दिलं, "यंदा नाही, ताई."

पुढची अकरा वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं, आणि अकराही वर्षं मला हसू आलं.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, तोंडात कोणाच्याच नव्हतं. आमची संस्था कूर्चा वाढवायची. गुडघ्यातल्या हाडांवर जो गुळगुळीत थर असतो ना, तो. एकदा फाटला की आपोआप भरून येत नाही. माणसाच्या चार पेशी काढायच्या, काचेत वाढवायच्या, जाळीवर चढवून त्यांचा तुकडा बनवायचा आणि त्याच माणसाच्या गुडघ्यात बसवायचा, यासाठी तीन मजले राबत होते. तळमजल्यावर मी आणि माझं स्कॅनचं यंत्र. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर आणि तिथली गणितवाली. आणि मधल्या मजल्यावर एकटे माळीबुवा. पेशींना रोपांसारखं वाढवायचे म्हणून हे नाव, पण ते स्वतः म्हणायचे, मी त्यांना जेवायला घालतो.

जेवायला घालणं हा त्यांचाच शब्द. पेशी एका गुलाबी पाण्यात राहतात. त्या पाण्यातलं सत्त्व संपलं की ते पिवळट व्हायला लागतं. मग जुनं काढायचं, नवं घालायचं. दिवसाआड. पेशींना रविवार कळत नाही, सुट्टी कळत नाही, आणि माळीबुवांनीही कधी कळून घेतलं नाही. हातमोजे, तोंडाला पट्टी, समोर काच, खाली हात. दिवसभर कोणाशी बोलायचं नाही, कारण बोललं की श्वासातून घाण उडते. मला तशी नोकरी दिली असती तर तिसऱ्या दिवशी मी भिंतीशी भांडले असते.

घरीही एकटेच. एकदा ताप अंगावर घेऊन कामावर आले तेव्हा मीच दरडावून घरी सोडायला गेले होते. दोन खोल्या, एक खाट, दोन खुर्च्या. एकीवर बसायचं आणि दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत. मी आले म्हणून ती चळत उचलून कुठे ठेवावी हेच त्यांना सुचेना. हातात घेऊन उभेच राहिले बिचारे! शेवटी मीच म्हटलं, "राहू द्या, मी काय इथे राहायला आलेय?"

नातेवाईक म्हणून एक मोठी बहीण, दुसऱ्या गावात. दर रविवारी दहाला अक्काचा फोन यायचा. जेवलास का, झोप लागते का, खोकला गेला का. "चार दिवस ये ना रे" असं ती म्हणायची आणि हे म्हणायचे, "कसा येऊ अक्का? यांना जेवायला कोण घालेल?" भाचीच्या लग्नाला सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले. बाकी चार मिनिटांत फोन संपायचा आणि हे कामावर निघायचे.

तर तो गुडघा. संस्थेने सुरुवातीला ठरवलं की तुकडा बनवायचा तर आधी निरोगी गुडघा कसा चालतो ते कळायला हवं. दहा निरोगी माणसं हवी होती, दर वर्षी येऊन स्कॅन देणारी. पाटी लावली. माळीबुवा दुसऱ्याच दिवशी हजर, म्हणून ते नंबर एक. मागून आणखी तिघं आले. त्यातला एक परगावी गेला, एकाला कंटाळा आला, एक बाई खरंच गरोदर राहिली आणि पुन्हा फिरकली नाही. माळीबुवा मात्र मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी बरोब्बर दहाला दारात उभे. दर वर्षी नवे कोरे मोजे घालून. मोजे तर मी पहिल्यांदा काढायलाच सांगायची, तरी नवे.

मी एकदा छेडलं, "मुलगी बघायला निघाल्यासारखे येता हो!"

ते पलंगावर आडवे होत म्हणाले, "ताई, वर्षातून एकदाच कोणीतरी माझ्या गुडघ्याखाली उशी ठेवतं. मोजे तरी चांगले नकोत का?"

मी काहीतरी चावट बोलून वेळ मारून नेली, पण उशी पुन्हा एकदा नीट सारखी केली. चाळीस मिनिटं यंत्र आत धडाधड वाजायचं. लोक घाबरतात, बाहेर काढा म्हणतात. हे मात्र बाहेर आल्यावर म्हणायचे, "बरं वाटतं आत. बाहेर कोणीतरी माझ्याकडे बघत बसलंय हे माहीत असतं."

आता जे सांगतेय ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सहावा प्रश्न होता, "या पायाला कधी मार लागला होता का? हाड मोडलं होतं का?" पहिल्या वर्षी माझं वाचून संपायच्या आत त्यांनी "नाही" म्हटलं. गरोदरपणाचा विचार करून सांगणारा माणूस, आणि हे इतक्या घाईत! मग स्कॅन झाला, आणि चित्राच्या अगदी खालच्या कडेला, सांध्याच्या चार बोटं खाली, नळीच्या हाडात एक फिकट रेघ होती. जुनी. लहानपणी मोडून वाकडं जुळलेलं हाड असं दिसतं, हे मला वीस वर्षांच्या कामाने शिकवलं होतं.

ते बाहेर आल्यावर मी पुन्हा विचारलं, "नक्की काही लागलं नव्हतं ना?"

"नाही म्हटलं ना, ताई." आवाज असा की पुढे विचारायची सोय नाही.

मी "नाही"वर खूण केली. वरून साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला होता, पहिला निरोगी गुडघा मिळाला का म्हणून. मी स्वतःला समजावलं, आपल्याला सांधा बघायचाय, खालचं हाड नाही, आणि डॉक्टर बघतीलच की. डॉक्टरांनी फक्त कूर्चा बघितली. ती तेव्हा सुरेख होती. त्यांनी "उत्तम" लिहिलं. आणि दुसऱ्या वर्षापासून मी स्कॅनची चौकट दोन बोटं वर घेतली. सांधा मधोमध यावा म्हणून, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे ती रेघ मला पुन्हा बघायची नव्हती.

अकरा वर्षांत त्या एका गुडघ्यावर अख्खी इमारत उभी राहिली. गणितवालीने माझ्या स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये गुडघा बनवला. माळीबुवांच्या पायाला चमकते ठिपके चिकटवून त्यांना चालवलं, आणि तो गुडघा पडद्यावर चालायला लागला. प्रत्येक पावलाला कुठे किती भार येतो ते रंगात दिसायचं. मग मधल्या मजल्यावर एक यंत्र आलं. त्यात कूर्चेचा कोवळा तुकडा ठेवायचा आणि नंबर एकच्या पावलांसारखा दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. त्याने तुकडा मजबूत होतो. शेवटची चाचणीही तशीच, नंबर एकच्या भाराखाली. अभ्यास त्याच गुडघ्याचा आणि परीक्षाही त्याच गुडघ्याची. सगळे तुकडे पास!

मग पहिली पेशंट ठरली. टपाल वाटणारी बाई, पस्तिशीची, सायकलवरून पडून गुडघ्याची कूर्चा फाटलेली. दोन वर्षं तिला खिडकीवर बसवून तिकिटं विकायला लावली होती आणि ती वैतागली होती. तिच्या पेशी काढून माळीबुवांच्या हवाली झाल्या. एक दिवस ती लंगडत त्या बघायला आली. काचेपलीकडे माळीबुवा हातात बशी धरून उभे.

"हे माझंच?" तिने विचारलं.

"तुमचंच. मी फक्त जेवायला घालतो."

ती खळखळून हसली. "मी पुन्हा चालायला लागले ना, की तुम्हाला घरी पत्र आणून देईन."

"मला पत्रं येत नाहीत हो."

"मग मीच एक लिहीन आणि मीच आणून टाकीन. काय बिशाद आहे न यायची!"

त्या आठवड्यात माळीबुवांनी दाराला पत्रपेटी लावली. मला हे कसं कळलं? खिळे कुठले घेऊ म्हणून मलाच विचारायला आले होते.

ऑपरेशनला तीन आठवडे उरले होते. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा म्हणून माळीबुवांना पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथे भिंतीएवढ्या पडद्यावर तो गुडघा चालत होता. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला लालभडक डाग उमटत होता, जात होता, उमटत होता.

"लाल म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

गणितवाली उत्साहाने सांगायला लागली, "जास्त भार. खरं तर पुस्तकांत आतल्या अंगाला जास्त भार दाखवतात, पण आपला बाहेरच्या अंगाला येतो. साहेब म्हणतात, पुस्तकं ढोबळ असतात, आपलं मोजमाप अचूक आहे."

"हा कोणाचा गुडघा?"

"अहो, तुमचाच की!"

फोटोत सगळे हसताहेत आणि माळीबुवा पडद्याकडे बघताहेत. तो फोटो अजून आहे माझ्याकडे. तिथून ते जिना उतरून थेट माझ्याकडे आले.

"ताई, जिथे लाल दिसतं ना, तिथेच मला दुखतं. जिना उतरताना. लहानपणापासून." मग एक घोट पाणी पिऊन म्हणाले, "माझं हाड मोडलं होतं. मी खोटं सांगितलं. तिच्या गुडघ्यात माझ्या वाकड्या पायाचं माप जाणार."

मी टेबलावरचे फॉर्म उगाच सारखे करत बसले. मग म्हटलं, "कदाचित तितका फरक पडत नसेल."

लाज वाटते मला त्या वाक्याची. एवढी मी फटकळ, जगाला सुनावणारी, आणि तिथे शेपूट घातलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "ती चालणारी बाई आहे, ताई," एवढंच बोलले आणि साहेबांकडे गेले. मी मागोमाग गेले, का ते मलाही कळलं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. "अकरा वर्षं! अकरा वेळा तुम्हाला विचारलं! एकदाही हो म्हणता आलं नाही?"

"नाही म्हणायची सवय होती, साहेब."

"सवय? ही काय सवय झाली? कसं मोडलं होतं?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला, पुन्हा विचारलं. माळीबुवा पायाकडे बघत उभे राहिले, शिक्षकांसमोर उभं राहावं तसे. मी दाराशी होते. साहेब माझ्याकडे वळले, "स्कॅनमध्ये काही दिसलं नाही कधी?"

आणि माझ्या आधी माळीबुवाच बोलले, "त्यात दिसत नाही, साहेब. खाली आहे ते. ताईंचा काही दोष नाही."

मी गप्प राहिले. तेव्हाही.

ऑपरेशन पुढे ढकललं. कारण "तांत्रिक" असं सांगितलं. नवी बारा माणसं बोलावली, मी त्यांचे स्कॅन काढले, चौकट चांगली चार बोटं खाली घेऊन. गणितवालीने नवा गुडघा बनवला आणि जुना तुकडा त्याच्या भाराखाली ठेवला. दोन लाख पावलांत आतल्या कडेला फाटला. दोन लाख पावलं म्हणजे टपालवालीचा फार तर तीन आठवड्यांचा रस्ता. माळीबुवा बोलले नसते तर काय झालं असतं, हे सगळ्यांना कळलं. पण त्यांना जाऊन कोणी "बरं केलंत" असं म्हटलं नाही.

कोणी छळलंही नाही हो, तसं नाही. कामावरून काढलं नाही, आवाज चढवला नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. बैठकीला नाही, फोटोला नाही. निरोगी माणसांच्या यादीतून नंबर एक खोडला. नवी माणसं तेरापर्यंत गेली, पण यादी दोनपासूनच सुरू व्हायची. माळीबुवांनी टपालवालीच्या पेशी पुन्हा पहिल्यापासून वाढवल्या, दिवसाआड, गुलाबी पाणी. चौदा महिन्यांनी तिच्या गुडघ्यात तुकडा बसला. वर्षभराने ती रस्त्यावर परत आली, खांद्याला पिशवी. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पत्र काही आलं नाही. माणसं बोलून जातात, त्यांच्या मनात वाईट नसतं. पत्रपेटी मात्र माळीबुवांनी काढली नाही.

त्यानंतरच्या मार्चचा दुसरा मंगळवार. माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस होते. दहा वाजता दार उघडलं तर बाकावर माळीबुवा. पायात नवे कोरे मोजे.

मला एकदम राग आला. कोणावर ते विचारू नका. "आज तुमचं नाव नाही यादीत," मी खेकसले.

"माहीत आहे ताई. तारीख होती म्हणून पाय इकडे वळले. जातो."

"जाताय कुठे? बसा." मी कपाटातून कोरा फॉर्म काढला आणि समोर बसले. "अंगात धातूचा तुकडा आहे का?"

त्यांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही."

"बंद जागेची भीती वाटते?"

"नाही."

"गरोदर आहात?"

"आता वय झालं, ताई." दोघंही हसलो, पण ते हसणं लवकर संपलं. मी सहाव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"या पायाला कधी मार लागला होता का?"

बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"हो," ते म्हणाले.

"कधी?"

"नऊ वर्षांचा होतो."

"कशामुळे?"

"वडिलांनी मारलं. दाराचा अडसर होता हातात. अक्काला मारायला निघाले होते, मी मध्ये गेलो." ते मोज्यांकडे बघत बोलत होते. "आईने सांगितलं, कोणी विचारलं तर काही नाही झालं म्हणायचं. मग डॉक्टरकडेही नेलं नाही. मी म्हणत राहिलो. आई गेली, वडील गेले, मी म्हणतच राहिलो. अक्का दर रविवारी सगळं विचारते, पायाचं कधी विचारत नाही. त्या दिवशी साहेबांकडून घरी गेलो आणि मीच तिला फोन केला. म्हटलं, अक्का, ऑफिसात सांगितलं, पाय मोडला होता म्हणून. ती नुसती रडत होती. एवढ्या वर्षांत आमचा सगळ्यात लांब फोन तोच."

मी सगळं लिहून घेतलं. प्रश्नासमोर जागा दोन बोटांची. मी कागद उलटून मागे लिहिलं. लिहिता लिहिता माझे डोळे गळायला लागले, आणि आता नाही तर कधीच नाही असं वाटून बोलून टाकलं, "मला रेघ दिसली होती. पहिल्याच वर्षी. मग मी चौकट वर घेतली."

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "बाकी सगळं तुम्ही एकदाच विचारता. ते दोनदा विचारलंत."

"मग साहेबांसमोर माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून. तोवर कोणी एकदाही विचारलं नव्हतं."

आम्ही सह्या केल्या. त्या फॉर्मला नंबर नव्हता, तो कुठल्याच फाइलीत जाणार नव्हता. माझ्या कपाटात आहे तो आज. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, वाकले, आणि सवयीने विचारलं, "मोजे काढू का, ताई?"

यंत्र सुरू करायची मला परवानगी नव्हती. पण गुडघ्याखाली उशी ठेवायला कोणाची परवानगी लागते? "काढा," मी म्हटलं. ते पलंगावर आडवे झाले. मी उशी ठेवली, दिवा कमी केला, आणि काचेपलीकडे जाऊन चाळीस मिनिटं त्यांच्याकडे बघत बसले.